भरल्या कळशीचं वजन

सकाळी साडेसहाला आमच्या घरात पहिला आवाज होतो तो बादलीत तांब्या बुडल्याचा. सासूबाईंची अंघोळ झालेली असते. तुळशीला पाणी घालायचं, हात जोडायचे, मग तांब्यात उरलेलं बाल्कनीतल्या बाकीच्या कुंड्यांना वाटायचं. थोडं जास्वंदीला, थोडं कढीपत्त्याला, थोडं गवती चहाला, आणि तळाशी राहिलेला शेवटचा घोट कोपऱ्यात टांगलेल्या होया नावाच्या वेलीला. तांब्यात पाणी शिल्लक ठेवून आत यायचं नाही, ही त्यांची जुनी सवय. घोट एवढासाच असायचा. पण रोज असायचा.

त्या एका घोटाने आमची पहिली होया गेली.

ती मी जानेवारी २०१९ मध्ये पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनातून आणली होती. तारेच्या आकड्याला टांगलेली पांढरी प्लास्टिकची कुंडी, त्यात आठ-नऊ जाड, चकचकीत पानं, आणि कुंडीच्या काठावरून खाली उतरलेली हातभर वेल. फूल एकही नव्हतं. शेजारी फुलांनी लगडलेल्या पिटुनिया होत्या, लोकांची गर्दी तिकडेच. पण विक्रेत्याने होयाच्या फुलाचा फोटो मोबाइलवर दाखवला आणि मी तिथेच थांबले. चेंडूसारखा गुच्छ, त्यात वीस-पंचवीस गुलाबीसर पांढऱ्या चांदण्या, प्रत्येक चांदणीच्या पोटात आणखी एक लहान चांदणी, तिच्या मध्यावर लाल ठिपका. मेणाच्या साच्यातून काढल्यासारखी. म्हणूनच नर्सरीवाले तिला वॅक्स प्लांट म्हणतात.

"पाणी किती घालायचं?" मी विचारलं.

"कमी घाला."

"कमी म्हणजे किती?"

"कमी म्हणजे कमी, ताई."

पुढची सहा वर्षं मी या उत्तराशी झगडते आहे. कारण कमी कशापेक्षा, हे त्यात नाही. कधी कमी, हेही नाही. चैत्रातलं कमी वेगळं आणि श्रावणातलं कमी वेगळं. पुण्यात एप्रिलमध्ये हवा इतकी कोरडी असते की दोरीवरचे कपडे तासाभरात वाळतात. जुलैत तेच कपडे तीन दिवस दमट राहतात आणि शेवटी इस्त्रीखाली वाळवावे लागतात. कपड्यांचं जे होतं तेच कुंडीतल्या मातीचं होतं. कपडे वाळले की नाही हे हात लावून बघायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. कुंडीच्या बाबतीत मात्र आपण वार ठरवून टाकतो, सोमवार आणि गुरुवार, आणि बाहेर धो धो पाऊस पडत असला तरी गुरुवारी पाणी घालतो.

आमच्या घरी तर वारही नव्हता. रोजचा रतीब होता.

आषाढात पानं पिवळी पडायला लागली. आधी बुंध्याजवळची दोन, मग मधली. जी हिरवी होती ती सुरकुतली. माझीच समजूत झाली की तहान लागली असेल, आणि मी सासूबाईंच्या घोटावर माझा अर्धा पेला वाढवला. बाहेर मुठेला पाणी चढलं होतं, भिडे पूल पाण्याखाली होता, बातम्यांत खडकवासल्याच्या विसर्गाचे आकडे येत होते, आणि आम्ही दोघी एका वीतभर कुंडीत पाणी ओतत होतो.

ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण होया पाळणारी निम्मी माणसं इथेच फसतात. सुरकुतलेल्या पानाचे दोन अर्थ असतात. कुंडीतलं मिश्रण कोरडं ठणठणीत असेल आणि पान सुरकुतलं असेल, तर झाड तहानलेलं आहे. मिश्रण ओलं असेल आणि तरी पान सुरकुतलं असेल, तर मुळं कुजली आहेत. पाणी आहे, पण ते प्यायला तोंडच राहिलेलं नाही. वरून दोन्ही पानं सारखीच दिसतात.

मी कुंडी पालथी केली तेव्हा तुंबलेल्या मोरीसारखा वास आला. एक मूळ चिमटीत धरून हलकेच ओढलं, तर त्याची साल मोज्यासारखी निघून हातात आली आणि आत नुसता दोरा राहिला. दुसरं ओढलं, तेही तसंच. चांगलं मूळ पांढुरकं आणि ताठ असतं. तसं एकही नव्हतं.

शेंड्याकडची वेल तेवढी अजून हिरवी होती. मी तिचे तीन तुकडे कापले. कापल्याबरोबर पांढरा चीक ठिबकायला लागला, बोटं चिकट झाली. सासूबाई शेजारी बसून बघत होत्या. त्यांनी तो चीक बोटावर घेतला, अंगठ्याने चोळला, वास घेतला आणि म्हणाल्या, "आगं, ही तर रुईची भावकी."

मला त्या क्षणी ते माहीत नव्हतं. नंतर वाचलं तर शब्दशः खरं निघालं. रुई, कण्हेर, तगर, देवचाफा, सदाफुली, हरणदोडी आणि होया, ही सगळी एकाच कुळातली. ज्या बाईने वनस्पतीशास्त्राचं पान उलटलेलं नाही, तिने चीक चोळून कूळ सांगितलं. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालायची म्हणून लहानपणापासून ती पानं खुडलेली, चिकाने बोटं काळी करून घेतलेली. हात ओळखतात.

मग थोड्या वेळाने, केरसुणीने माती गोळा करता करता त्या म्हणाल्या, "रुईला कोण पाणी घालतंय? माळावर, दगडात, उन्हाळाभर हिरवी असती." आणि गप्प झाल्या.

ते गप्प होणं मी बरेच दिवस विसरले नाही. सासूबाई सांगोल्याकडच्या. तो सोलापूर जिल्ह्यातला पर्जन्यछायेचा मुलूख. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या. दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, लाल मिलो ज्वारीच्या भाकरी थापल्या, आणि दीड कोसावरच्या विहिरीतून पाणी आणलं. विहिरीत उतरून वाटीने घागर भरायची, कारण पोहरा बुडेल एवढं पाणीच नसायचं. त्यांच्या घरी कुणी आलं की पाण्याचा तांब्या आधी पुढे यायचा, शेंगा-गूळ मागून. अजूनही आमच्या दारात कुरिअरवाला आला तरी त्या आतून विचारतात, "पाणी दिऊ का रं बाळा?" अक्षय्य तृतीयेला माठ दान करतात. पाण्याने कुणाचं वाईट होऊ शकतं, ही गोष्ट त्यांच्या साऱ्या आयुष्याच्या हिशेबात कुठे बसतच नव्हती. आणि डोळ्यांसमोर एक जिवंत वेल पाण्याने गेली होती, त्यांच्या हाताच्या पाण्याने. माझ्याही, असं मी दोन वेळा सांगितलं. त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही.

तीन तुकड्यांपैकी दोन जगले. या वेळी मी बागेतली माती वापरलीच नाही. नारळाच्या सोडणाचे सुपारीएवढे तुकडे, थोडा कोळसा, विटेचे खडे, मूठभर गांडूळखत आणि अगदी थोडं कोकोपीट. पाणी वरून घातलं की धावत खालून बाहेर यायला हवं, आणि मागे ओल राहिली तरी हवा खेळती राहायला हवी.

असं का, ते होयाचं मूळ राहणीमान बघितलं की कळतं. आपण घरात लावतो ती होया कार्नोसा दक्षिण चीन, तैवान, व्हिएतनाम या भागांतल्या जंगलांतली. तिथे ती जमिनीत क्वचितच रुजते. झाडाच्या फांदीवर, शेवाळात, सालीच्या खाचेत मुळं रोवून लोंबत राहते. वेलीच्या पेराला बारीक मुळं फुटतात, त्यांनी ती खोडाला धरते. पाऊस पडला की खोडावरून पाणी वाहत जातं, मुळं भिजतात आणि पाऊस उघडला की वाऱ्याने सुकतात. म्हणजे पाणी भरपूर, पण तुंबणारं नाही. रुईची उपमा म्हणूनच अर्धीच लागू पडते. रुई कोरड्या माळावर खोल मूळ घालून जगते, आणि होया ओल्या रानात उघड्या मुळांनी. भावकी एक, पण बिऱ्हाडं वेगळी. आपल्या सह्याद्रीतही सदाहरित रानांमध्ये होयाची एक जात आहे, होया वाइटिआय, मद्रास इलाख्यात काम केलेल्या रॉबर्ट वाइट या वनस्पतीशास्त्रज्ञाच्या नावाची. तीही अशीच झाडांवर राहते. आणि 'होया' हे नाव थॉमस हॉय नावाच्या माळ्याचं. तो इंग्लंडमध्ये नॉर्थम्बरलंडच्या ड्यूकच्या सायन हाउसच्या बागेत कामाला होता. रॉबर्ट ब्राउन यांनी १८१० मध्ये ही प्रजाती वेगळी काढली आणि तिला या माळ्याचं नाव दिलं. राजे-सरदारांची नावं ज्यांना मिळाली अशी झाडं पुष्कळ आहेत. रोज पाणी घालणाऱ्या माणसाचं नाव मिळालेलं हे झाड मला म्हणून फार आवडतं.

आणखी एक गोष्ट. बहुतेक झाडं दिवसा पानांची रंध्रं उघडतात, त्यातून हवा आत घेतात आणि पाणी बाहेर सोडतात. होया कार्नोसा हे काम मुख्यतः रात्री करते, निवडुंगासारखं, अननसासारखं. दिवसाच्या उन्हात ती दारं लावून बसते. त्यामुळे तिचा पाण्याचा खर्चच कमी. जाड पानांत साठवलेलं पाणी ती पुरवून पुरवून वापरते.

हे सगळं मला कळलं, पण कुंडीला कधी पाणी घालायचं हे त्याने कळलं नाही. २०२० साली घरात सगळेच होते, कुणालाच करमत नव्हतं, आणि प्रत्येकाच्या हाताला तांब्या लागत होता. नवरा दुपारी चहाच्या आधी घालायचा, मुलगी ऑनलाइन तासांच्या मधल्या सुट्टीत फवारा मारायची, सासूबाई सकाळी. दोन पानं पुन्हा पिवळी दिसली तेव्हा मी घाबरले. त्या रात्री जेवताना मी सगळ्यांना सांगितलं की या कुंडीला एकाच माणसाने पाणी घालायचं. कोण, असा प्रश्न आला. मी सासूबाईंचं नाव घेतलं.

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं असणार की हिचं काहीतरी चुकतंय. पण मला दुसरा मार्ग दिसत नव्हता. ज्या बाईच्या हातात पन्नास वर्षं सकाळचा तांब्या आहे, तिला "या एका कुंडीला नको" असं रोज सांगत राहणं म्हणजे रोज तिचा हात मागे ओढणं. त्यापेक्षा ती कुंडीच तिची करावी. एखाद्या जिवाची जबाबदारी आपल्यावर असली की माणूस बघायला लागतो.

मी त्यांना बोट मातीत घालून बघायला सांगितलं होतं. त्यांना ते पसंत नव्हतं. सोडणाच्या तुकड्यांत बोट जातही नाही. लाकडी काडी खुपसून ओल बघायची युक्ती सांगितली, तीही दोन दिवस टिकली. मग एकदा जळमटं काढताना त्यांनी कुंडी आकड्यावरून उतरवली, हातात धरून क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "ही अजून भरलेली हाय."

"कशावरून?"

"हातावरनं."

मी कुंडी घेतली. मला काहीच कळलं नाही. त्यांनी समजावून सांगितलं. विहिरीवरून येताना डोक्यावर दोन आणि कमरेवर एक कळशी असायची. अंधारात, चढावर, खाली बघता यायचं नाही. पण वाटेत किती पाणी सांडलं हे कमरेला कळायचं. घरी पोचायच्या आधीच माहीत असायचं की आज रांजण किती भरणार. "भरल्याली कळशी गुमान बसती. अर्धी झाली की हिंदकळती, तीच जड वाटती. रिकामी तर हाताला लागतच न्हाई."

त्या दिवसापासून तसंच चाललं आहे. पाणी घातल्यावर निथळलेली कुंडी एकदा उचलायची आणि ते वजन हाताला सांगून ठेवायचं. मग रोज सकाळी तळव्याने खालून थोडी वर करायची, आकड्यावरून न काढता. कुंडी उचलल्याबरोबर हात अपेक्षेपेक्षा वर गेला, दचकल्यासारखा, की त्या दिवशी पाणी. खात्री करायची तर एक जून पान दोन बोटांत हलकेच दुमडून बघायचं. पाणी असलेलं पान कैरीच्या सालीसारखं ताठ राहतं. तहानलेलं मधून वाकतं. पाणी घालायचं ते मात्र घोटभर नाही. मोरीत नेऊन, तांब्याने, सगळ्या बाजूंनी, खालून धार लागेपर्यंत. मग पूर्ण निथळू द्यायचं आणि परत टांगायचं. खाली बशी ठेवायची नाही.

या हिशेबाने आमच्या पूर्वेकडच्या, चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत वर्ष कसं जातं ते मी आता सांगू शकते. दुसऱ्याच्या बाल्कनीत ते वेगळं जाईल. मुंबईच्या दमट हवेत तर फारच वेगळं.

वैशाखात दर चार-पाच दिवसांनी. पारा ३८-४० अंशांवर, वारा भाजका. या दिवसांत पाणी नेहमी सकाळी लवकर, आणि तेही आदल्या रात्री बादलीत भरून ठेवलेलं. गच्चीवरच्या टाकीतून दुपारी नळाला येणारं पाणी हाताला चटका देतं, ते मुळांवर ओतायचं नाही. बाल्कनीत दहानंतर उतरणारं ऊन पानांना पिवळट करतं, म्हणून सासूबाईंनी आपल्या एका जुन्या, विरलेल्या नऊवारीचा पदर दोरीला बांधून आडोसा केला आहे. या दिवसांत नवी वेल सुटते. पानं नसलेली, लांबलचक, नुसती सुतळीसारखी. पहिल्या वर्षी त्या ती खुडायला निघाल्या होत्या. खुडायची नसते. पानं मागून येतात आणि कळ्याही पुष्कळदा तिच्यावरच.

वळवाचे एक-दोन पाऊस झाले, हवेत दमटपणा आला की कळ्या धरतात. हा सगळ्यात नाजूक काळ. कुंडी फार कोरडी पडली तर कळ्या गळतात, जागा बदलली तरी गळू शकतात. तेव्हा कुंडी मोरीत न्यायची नाही. जागेवरच पाणी घालायचं, खाली बादली धरून. हे काम दोघींचं. त्या घालतात, मी बादली धरते.

आषाढ-श्रावणात बारा-पंधरा दिवस कुंडी जडच राहते, एका वर्षी तर तीन आठवडे. सूर्य दिसत नाही, वारा ओला, झाड जवळपास काही पीत नाही. सगळ्यात अवघड काळ हाच, कारण या दिवसांत काळजी घेणं म्हणजे काही न करणं. रोज सकाळी त्या कुंडीखाली हात लावतात आणि तांब्या घेऊन पुढे जातात. तांब्यातला शेवटचा घोट आता कढीपत्त्याला. याच दिवसांत कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा येतो, रुईच्या शेंड्यावर दिसतो तोच. भावकीची खूण तिथेही. पेरांत कापसासारखे पिठ्या ढेकूणही दडतात. साबणाच्या पाण्याने पुसायचं, चार दिवसांनी कडुनिंबाच्या तेलाचा फवारा.

ऑक्टोबरची उष्णता आली की पुन्हा आठवड्याला एकदा. थंडीत पंधरा दिवसांनी, कोमट पाणी, ऊन वर आल्यावर. पौषात ती झोपलेली असते, तिला उठवायचं नाही. एवढंच.

२०२२ च्या ज्येष्ठात पहिलं फूल आलं. खरं तर आधी वास आला. रात्री दहाच्या सुमाराला हॉलमध्ये कुणीतरी खवा भाजत असल्यासारखा गोड, जड वास. आम्ही स्वयंपाकघरात जाऊन आलो. सासूबाई बाल्कनीत गेल्या आणि तिथूनच हाक मारली. गुच्छ खाली मान घालून लोंबत होता. टॉर्चच्या उजेडात प्रत्येक चांदणीच्या अंगावर बारीक मखमल दिसत होती, आणि मधल्या लाल ठिपक्याशी मधाचा एकेक थेंब लोंबकळत होता, पडू की नको अशा बेताने. खाली फरशीवर चिकट ठिपके. मुंग्यांना आमच्या आधी कळलं होतं. तो गुच्छ आठ-नऊ दिवस टिकला. गळून गेल्यावर देठाचा जो खुंट उरतो तो मी कापू दिला नाही, कारण होया त्याच खुंटावर पुन्हा फुलते. वर्षानुवर्षं. आमच्या वेलीवर आता असे पाच खुंट आहेत.

२०२३ च्या दिवाळीनंतर सासूबाईंचे पाय सुजायला लागले. जिना चढताना धाप, रात्री आडवं झाल्यावर खोकला. तपासण्यांत निघालं की हृदयाची रक्त पुढे ढकलायची ताकद कमी झाली आहे. मी हे माझ्या शब्दांत लिहिते आहे. डॉक्टर 'पंपिंग' म्हणाले. शरीरात पाणी साठतं, पायात, मग फुप्फुसांत. गोळ्या दिल्या, मीठ तोडलं, आणि त्यांच्यासाठी पाण्याचं माप लिहून दिलं. दिवसाला १२०० मिलिलिटर. चहा, ताक, आमटी सगळं धरून.

घरी आल्यावर त्यांनी मला विचारलं, "म्हंजी किती तांबं?"

मी मोजून दाखवलं. त्यांचा तांब्या पाऊण लिटरचा. दोन तांबेही नाहीत.

त्या रात्री त्या बराच वेळ जागी होत्या. मीही होते. आयुष्यभर ज्या बाईने घोटाघोटाने पाणी जपलं, आणि मग नळ फिरवला की येणाऱ्या पाण्याच्या शहरात येऊन ते सगळ्यांना वाटलं, तिला आता मोजून पाणी. आणि मोजणारी मी. सकाळी एका बाटलीत भरून ठेवायचं, त्यावर पट्टी चिकटवायची. जेवताना त्यांनी भांड्याकडे हात नेला की माझी नजर जायची आणि त्यांना ती नजर दिसायची. तहानलेल्याला पाणी नाही म्हणू नये, हे मी त्यांच्याच तोंडून शंभरदा ऐकलेलं. २०२४ चा वैशाख तर मी विसरू शकत नाही. पंखा गरम हवा फेकत होता. त्या तोंडात लवंग धरून बसायच्या, कधी बर्फाचा एक खडा. चूळ भरून पाणी टाकून द्यायच्या. एकदा दुपारी बाटली संपली होती आणि संध्याकाळ लांब होती. त्या नुसत्या माझ्याकडे बघत होत्या. मी अर्धा पेला दिला. दुसऱ्या दिवशी पाय सुजले नाहीत, पण रात्रभर मला झोप लागली नाही. बरोबर केलं की चूक, हे मला आजही ठरवता येत नाही.

रोज सकाळी वजन करायचं, असंही सांगितलेलं. अचानक एक-दोन किलो वाढलं तर ते जेवणाचं नसतं, साठलेल्या पाण्याचं असतं, लगेच कळवायचं. काटा मी बाल्कनीच्या दाराशी ठेवला, कारण तिथली फरशी सपाट आहे. पहिल्या सकाळी त्या काट्यावर उभ्या राहिल्या, माझा हात धरून. मी खाली वाकून आकडा वाचला. वर बघितलं तर त्या कोपऱ्यातल्या कुंडीकडे बघत होत्या.

"मला बी आता असंच उचलून बघायचं," त्या म्हणाल्या. रागाने नाही. समजून.

त्यानंतर बाटलीवरून आमचं फारसं काही झालं नाही. पट्टी त्या स्वतःच बघतात. संध्याकाळच्या औषधासाठी दोन बोटं पाणी राखून ठेवतात, दुष्काळातल्या माणसासारखं, बिनचूक. दारात कुणी आलं की अजूनही आधी पाणी विचारतात. पाहुणा तांब्या तोंडाला लावून गटागटा पितो तेव्हा त्या त्याच्याकडे बघत राहतात, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तृप्ती असते, खरीखुरी. मी आधी त्या वेळी नजर वळवायचे. आता वळवत नाही.

तांब्या आता जड होतो म्हणून सकाळचं पाणी मी भरते, मी घालते. होयाचं मात्र अजून त्यांच्याकडेच आहे. आकडा मी एक वीत खाली घेतला, त्यांच्या खांद्याला त्रास नको म्हणून. त्या हात लावतात, सांगतात, मी घालते.

आमच्या फ्रिजशेजारी खिळ्याला कालनिर्णय असतं. दुधाचा हिशेब, गॅस लावल्याची तारीख, कामवाल्या मावशींच्या सुट्ट्या, सगळं त्यावर. आता प्रत्येक चौकोनात सकाळचं वजन लिहिलेलं असतं, माझ्या अक्षरात. आणि काही चौकोनांत, कोपऱ्यात, पेन्सिलने काढलेलं एक लहान टिंब. ते सासूबाईंचं. ज्या दिवशी वेलीला पाणी घातलं त्या दिवसाचं. मागच्या वर्षाची पानं त्यांनी फाडू दिली नाहीत, दाराच्या मागे टांगून ठेवली आहेत. परवा मी ती चाळली. मे महिन्याच्या पानावर सात टिंबं. जुलैच्या पानावर दोन. ऑक्टोबरला चार. डिसेंबरला दोन, आणि त्यातल्या एकाला गोल केलेलं. तो गोल कशाचा, हे मी त्यांना विचारलं.

"त्या दिवशी मी चुकले व्हते," त्या म्हणाल्या. "आजून दोन दीस थांबायला पायजे व्हतं."